आकड्यापलीकडची प्लेटलेट

पावसाळा सरू लागला की महाराष्ट्रात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘काउंट किती आला?’ डेंग्यूचा ताप असतो, रोज रक्त तपासले जाते आणि घरातली सगळी माणसे रिपोर्टवरच्या एका ओळीकडे डोळे लावून बसतात. काल ऐंशी हजार होत्या, आज पन्नास हजार. आकडा उतरला की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. चढू लागला की घर पुन्हा बोलते-चालते होते. प्लेटलेट ही पेशी मराठी माणसाच्या ओळखीची झाली ती बव्हंशी या आजारामुळे, आणि ती ओळख झाली आकड्याच्या रूपात. भरपूर असल्या की निर्धास्त, कमी झाल्या की रक्तस्रावाची धास्ती, एवढाच तिचा अर्थ आपल्यापर्यंत पोचला.

हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. किती अपुरा, ते दोन आजार दाखवून देतात. पहिल्या आजारात प्लेटलेटचा आकडा अगदी व्यवस्थित असतो. तरीही लहानपणापासून नाकातून, हिरड्यांतून रक्त वाहते आणि थांबता थांबत नाही. स्वित्झर्लंडमधले बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसऱ्या आजारात आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. पाहणाऱ्याला वाटते, आता रक्तस्राव होणार. प्रत्यक्षात पेशंटच्या पायाच्या शिरेत, फुप्फुसात, कधी मेंदूत गुठळ्या होऊ लागतात. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिन या औषधानेच हा आजार सुरू होतो, म्हणून तो अधिक चक्रावून टाकतो.

पहिल्या आजारात पेशी भरपूर आहेत, पण त्यांच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन गायब किंवा निकामी आहे. दुसऱ्यात पेशी कमी झाल्या त्या कुणीतरी त्यांना चेतवल्यामुळे. चेतलेल्या पेशी गुठळ्यांत खर्ची पडल्या आणि रक्तातून हटवल्या गेल्या. चेतवणारी असते ती पेशंटच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी. प्लेटलेटच्या पृष्ठभागाला काय येऊन लागले, कोणत्या रिसेप्टरने ते ओळखले आणि पेशीच्या आत कोणता संदेश गेला, यावर रक्त साकळणार की वाहत राहणार हे ठरते. आकडा हा त्या हकिगतीचा एक भाग आहे. संपूर्ण हकिगत सांगणे हे या पुस्तकाचे काम.

प्लेटलेट ही रक्तातली सर्वांत लहान पेशी. व्यास जेमतेम दोन ते तीन मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही कमी. तिला केंद्रक नाही. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींचे तुकडे सुटून प्लेटलेट तयार होतात, हे जेम्स होमर राइट यांनी बॉस्टनमध्ये १९०६ साली मांडले. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात, सात ते दहा दिवस जगतात आणि रोज सुमारे दहा हजार कोटी नव्याने रक्तात येतात. राइट यांच्याही आधी, १८८२ मध्ये इटलीत तुरिन इथे जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला इजा होताच या पेशी सर्वांत आधी तिथे जाऊन चिकटतात, हे त्यांना दिसले. तोपर्यंत अनेकजण त्यांना रक्तातला केरकचरा समजत होते.

बिझोझेरोंच्या निरीक्षणातून एक प्रश्न उरला, तो पुढची शंभर वर्षे संशोधकांना पुरला. वाहत्या रक्तात या पेशी रात्रंदिवस एकमेकींना आणि वाहिनीच्या भिंतीला घासून जातात, तरी चिकटत नाहीत. इजा झाली की काही सेकंदांत चिकटतात. त्यांना कळते कसे?

उत्तर पृष्ठभागावर आहे. प्लेटलेटच्या पातळ आवरणात अनेक प्रकारची प्रथिने रोवलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेर रक्तात, दुसरे आत पेशीद्रवात. बाहेरच्या टोकाला ठरावीक वस्तू लागली की आतल्या टोकाशी बदल घडतो. यांनाच रिसेप्टर म्हणतात. ग्लायकोप्रोटीन वन-बी हा त्यांतला एक. एका प्लेटलेटवर सुमारे पंचवीस हजार. वेगाने वाहणाऱ्या रक्तातून जाताना, भिंतीवर अडकलेल्या व्हॉन विलेब्रांड प्रथिनाला तो पकडतो आणि पेशीचा वेग कमी करतो. तो नसेल तर जो आजार होतो, त्याचे वर्णन पॅरिसमध्ये झाँ बर्नार आणि झाँ-पिएर सुलिए यांनी १९४८ मध्ये केले. ग्लायकोप्रोटीन सिक्स हा रिसेप्टर कोलॅजनला ओळखतो. कोलॅजन एरवी वाहिनीच्या अस्तराखाली झाकलेले असते, त्यामुळे ते उघडे पडणे म्हणजे इजा झाल्याची खूण. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या एन्झाइमचा रिसेप्टर आणखी वेगळा: थ्रॉम्बिन त्याचे बाहेरचे टोक कापते आणि कापल्यावर उघडा पडलेला भाग त्याच रिसेप्टरला चालू करतो. एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन या चेतलेल्या प्लेटलेटमधूनच बाहेर पडणाऱ्या रेणूंचेही रिसेप्टर आहेत. क्लोपिडोग्रेलची गोळी एडीपीच्या एका रिसेप्टरला बंद करते. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवणारे एन्झाइमच कायमचे बंद पाडते, आणि केंद्रक नसल्याने प्लेटलेटला ते एन्झाइम पुन्हा बनवताही येत नाही. म्हणून एका गोळीचा परिणाम त्या पेशीच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो.

सर्वाधिक संख्येने असतो तो टू-बी थ्री-ए. एका प्लेटलेटवर सुमारे ऐंशी हजार. हृदयरोगतज्ज्ञांच्या बोलण्यात हे नाव रोज येते. शांत प्लेटलेटवर तो दुमडलेल्या स्थितीत असतो आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनला धरू शकत नाही. आतून संदेश आला की तो ताठ होतो, फायब्रिनोजेन पकडतो, आणि फायब्रिनोजेनचे दुसरे टोक शेजारची प्लेटलेट पकडते. हजारो पेशी अशा जोडल्या गेल्या की गुठळीचा पाया घातला जातो. ग्लान्झमान यांच्या पेशंटमध्ये हेच प्रथिन नसते किंवा निकामी असते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. अशा आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांचे निदान आणि अभ्यास तिथे वर्षानुवर्षे चालतो. या पेशंटना वारंवार प्लेटलेट दिल्या तर एक नवीच अडचण उभी राहू शकते. जे प्रथिन त्यांच्या शरीराने कधी पाहिलेच नाही, ते परके समजून शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, आणि मग बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही टिकत नाहीत.

अँटिबॉडीकडे वळण्यापूर्वी चेतलेली प्लेटलेट डोळ्यांनी कशी दिसते ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे सगळे कागदावरच राहील. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घेतलेले ताजे रक्त हलक्या वेगाने फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, धूसर रक्तद्रव उरतो. प्लेटलेट त्यातच असतात. नळी उजेडासमोर धरून अलगद हलवावी. द्रवात चमकत्या लहरी सरकताना दिसतात. प्लेटलेट चपट्या असल्याने प्रवाहाबरोबर सगळ्या एका दिशेने वळतात आणि प्रकाश परतवतात. त्यात चेतवणारे रसायन टाकले की पेशी गोल होतात, अंगाला काटे फुटतात आणि लहरी नाहीशा होतात. रक्तपेढीतले अनुभवी तंत्रज्ञ प्लेटलेटची पिशवी देण्याआधी ती उजेडात धरून हलवतात, ते याच लहरी पाहण्यासाठी. लहरी दिसल्या तर पेशी अजून शांत आणि उपयोगाच्या आहेत असे मानतात.

याच द्रवाचे मोजमाप करण्याचे यंत्र गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये तयार केले. काचेच्या छोट्या नळीत द्रव ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा आणि आरपार किती प्रकाश जातो ते कागदावर उमटवायचे. प्लेटलेटचे पुंजके झाले की मधली जागा मोकळी होते आणि प्रकाश वाढतो. एडीपी टाकले तर रेघ काही सेकंदांत चढू लागते. चेतवणारी अँटिबॉडी टाकली तर वेगळेच घडते. सुरुवातीला रेघ सरळ राहते, काहीच होत नाही असे वाटते, आणि कधीकधी मिनिटभराने किंवा त्याहूनही उशिरा ती एकाएकी उसळते. या उसंतीतच या पुस्तकाचा बराचसा विषय सामावलेला आहे.

अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची असते. दोन बाहू आणि एक दांडा. बाहूंची टोके ठरावीक लक्ष्य पकडतात. त्यांना फॅब म्हणतात. दांड्याला एफसी म्हणतात, आणि शरीरातल्या इतर पेशी अँटिबॉडीला धरतात त्या या दांड्याकडून. लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी १९५९ साली पपेन वापरून अँटिबॉडीचे तीन तुकडे केले आणि ही रचना उलगडायला सुरुवात झाली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले प्रथिने कापणारे एन्झाइम. पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले.

मानवी प्लेटलेटवर या दांड्याला धरणारा रिसेप्टर असतो. त्याचे नाव एफसी गॅमा रिसेप्टर टू-ए. एका पेशीवर तो जेमतेम काही हजार असतो, म्हणजे टू-बी थ्री-ए च्या तुलनेत नगण्य. आता अडचण पाहा. आपल्या रक्तात आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम असतात. त्या सगळ्यांना दांडा आहे, आणि प्लेटलेट अहोरात्र त्यांच्यातच पोहत असतात. तरीही निरोगी माणसाच्या प्लेटलेट चेतत नाहीत. का?

कारण या रिसेप्टरची एकट्या अँटिबॉडीवरची पकड फार सैल आहे. अँटिबॉडी येते, टेकते, सुटते. संदेश जायचा तर अनेक दांडे एकाच जागी, एकाच वेळी हवेत, म्हणजे अनेक रिसेप्टर ओढले जाऊन शेजारी-शेजारी येतात. एका हाताने टाळी वाजत नाही, तशीच इथली गत. प्रयोगशाळेत हे स्वच्छ दाखवता येते. आयव्ही-थ्री नावाची एक अँटिबॉडी या रिसेप्टरलाच आपल्या बाहूंनी पकडते. ती एकटी टाकली तर रेघ सरळ राहते. उलट रिसेप्टर अडवला गेल्याने इतर अँटिबॉडींनाही प्लेटलेट दाद देत नाही. पण त्यानंतर आयव्ही-थ्रीच्या अनेक रेणूंना एकत्र बांधणारी दुसरी अँटिबॉडी टाकली, की त्याच प्लेटलेट भराभर पुंजके करतात. रिसेप्टर तेच, पेशी त्याच. फरक फक्त ते विखुरलेले आहेत की एकत्र आले आहेत, एवढाच.

ते एकत्र आले की आत काय होते? रिसेप्टरच्या आतल्या शेपटीत टायरोसिन या अमिनो आम्लाच्या दोन ठरावीक जागा असतात. शेजारी असलेली लिन, फिन यांसारखी एन्झाइमे त्या दोन्ही जागांवर फॉस्फेट बसवतात. दोन्ही जागा भरल्या की सिक नावाचे एन्झाइम तिथे घट्ट बसते आणि चालू होते. त्याच्या पुढे प्रथिनांची एक साखळी आहे. तिच्या शेवटी फॉस्फोलायपेज सी गॅमा टू हे एन्झाइम पेशीच्या आवरणातलीच चरबी तोडून दोन छोटे रेणू सोडते. त्यांतला एक पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर काढतो. कॅल्शियम दहा पटींनी आणि अधिक वाढते. पेशीचा सांगाडा बदलतो, आत साठवलेल्या कणिका बाहेर रिकाम्या होतात. त्यांतून एडीपी निघते, सेरोटोनिन निघते, पीएफ-फोर नावाचे प्रथिन निघते. शेवटी टॅलिन नावाचे प्रथिन टू-बी थ्री-ए च्या आतल्या शेपटीला जाऊन भिडते आणि तो ताठ होतो. कोलॅजनचा रिसेप्टरही आत जवळपास हाच मार्ग वापरतो. कागदावरची ती उसंत आता समजते. आधी रिसेप्टर गोळा व्हायला, साखळी पुरी व्हायला वेळ लागतो. मग पहिल्या काही प्लेटलेटनी सोडलेले एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन बाकीच्यांना चेतवते आणि रेघ उसळते.

एवढे समजले की अँटिबॉडी प्लेटलेटशी तीन वेगळ्या प्रकारे का वागते ते उलगडते. पुस्तकाचे तीन भाग या तीन वागणुकींवर बेतले आहेत.

पहिली वागणूक खूण करण्याची. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी एक धाडस केले. एका बाईच्या प्लेटलेट कारण नसताना सतत कमी होत होत्या; या आजाराला आज आयटीपी म्हणतात. हॅरिंग्टन यांनी तिचे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या, त्यांना झटकाही आला. चार-पाच दिवसांनी आकडा पूर्ववत झाला. पेशंटच्या रक्तद्रवातच प्लेटलेट नष्ट करणारे काहीतरी आहे, हे सिद्ध झाले. पुढे कळले की ते काहीतरी म्हणजे मुख्यतः टू-बी थ्री-ए किंवा वन-बी ला चिकटलेल्या अँटिबॉडी. इथे बहुतांशी प्लेटलेट चेतत नाही. तिच्यावर खूण बसते. प्लीहेतल्या भक्षक पेशी अँटिबॉडीचा दांडा ओळखून प्लेटलेटला गिळतात. १९८१ मध्ये बर्नमध्ये पॉल इमबाख यांनी आयटीपी झालेल्या मुलांना निरोगी माणसांच्या आयजीजीचा मोठा डोस शिरेतून दिला आणि आकडा चढला. भक्षक पेशींचे रिसेप्टर त्या आयजीजीत गुंतून राहतात, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

दुसरी वागणूक अडवण्याची, आणि तिचा उपयोग माणसाने जाणूनबुजून केला. बॅरी कोलर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात १९८० च्या दशकात टू-बी थ्री-ए ला अडवणारी उंदराची एक अँटिबॉडी तयार केली. तिला सेव्हन-ई-थ्री म्हणत. ती चिकटली की फायब्रिनोजेनला जागा उरत नाही. पण आख्खी अँटिबॉडी दिली असती तर दांड्यामुळे खूण बसून प्लेटलेट नष्ट झाल्या असत्या. म्हणून दांडा काढून फक्त बाहू ठेवला आणि तो अंशतः मानवी प्रथिनाचा केला. दांडा कापायला वापरले ते पोर्टर यांचेच पपेन. ॲबसिक्सिमॅब नावाने या औषधाला १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी ते हजारो पेशंटना दिले गेले. एकाच अँटिबॉडीचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा, यावर ती औषध होते की अपाय, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत शिकवणारे उदाहरण वाटते.

तिसरी वागणूक चेतवण्याची. पुस्तकाची सर्वाधिक पाने तिने घेतली आहेत, कारण माणसाचा जीव तिथे सर्वाधिक टांगणीला लागतो. हेपारिन हे डुकराच्या आतड्यातून मिळणारे औषध. शस्त्रक्रियेत, डायलिसिसमध्ये, हृदयविकारात ते रोज वापरले जाते आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. १९५८ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात वाइजमन आणि टोबिन या शल्यविशारदांनी दहा पेशंट नोंदवले. हेपारिन चालू असताना त्यांच्या धमन्यांत गुठळ्या झाल्या होत्या आणि काढलेल्या गुठळ्या फिकट रंगाच्या होत्या. कोडे उलगडायला पुढची तीन दशके लागली. हेपारिनवर ऋण विद्युतभार असतो, प्लेटलेटमधून निघणाऱ्या पीएफ-फोरवर धन. दोन्ही एकमेकांना चिकटून मोठे समूह तयार होतात. काही माणसांचे शरीर या समूहाला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीजी बनवते. अनेक अँटिबॉडी बाहूंनी तो समूह धरतात; त्यांचे दांडे एका जागी गोळा होतात; आणि प्लेटलेटवरचे विखुरलेले एफसी रिसेप्टर ओढले जाऊन एकत्र येतात. पुढचा मार्ग वर सांगितला तोच. चेतलेली प्लेटलेट आणखी पीएफ-फोर सोडते, आणखी समूह बनतात आणि चक्र स्वतःच्या जोरावर फिरू लागते. आकडा उतरतो आणि गुठळ्या वाढतात, दोन्ही एकाच कारणाने.

कॅनडात हॅमिल्टन इथल्या मॅकमास्टर विद्यापीठातून १९८६ मध्ये या आजाराची एक चाचणी पुढे आली, ती जवळून पाहण्यासारखी आहे. निरोगी दात्याच्या प्लेटलेट धुऊन त्यांना किरणोत्सारी सेरोटोनिन शोषू द्यायचे. त्यात पेशंटचा सीरम घालायचा आणि अगदी थोडे हेपारिन. आजार असेल तर प्लेटलेट सेरोटोनिन बाहेर टाकतात आणि ते मोजता येते. मग तीच चाचणी हेपारिनच्या खूप मोठ्या मात्रेत करायची. आता काहीच बाहेर येत नाही, कारण हेपारिन जास्त झाले की समूहच मोडतात आणि अँटिबॉडींना गोळा होण्यासाठी जागा राहत नाही. थोड्या औषधाने भडकणारा आणि जास्त औषधाने शांत होणारा परिणाम साध्या विषबाधेत मिळत नाही. तो या यंत्रणेची ठसठशीत ओळख आहे.

यातून उपचाराचे नियम निघतात. हेपारिन लगेच आणि पूर्ण बंद करायचे, कॅथेटर मोकळा ठेवण्यासाठी वापरले जाणारे थोडेसेही. गुठळी रोखणारे दुसऱ्या जातीचे औषध सुरू करायचे. आणि नुसता आकडा कमी आहे म्हणून बाहेरून प्लेटलेट द्यायच्या नाहीत, कारण रक्तस्राव होत नसेल तर त्या नव्या प्लेटलेटही चेतवल्या जाण्याचा धोका असतो. आकड्यावर बोट ठेवून चालणाऱ्या सवयीच्या नेमके उलट हे वागणे आहे.

हा विषय २०२१ मध्ये मराठी घरांपर्यंत येऊन ठेपला. ॲडेनोव्हायरसवर आधारलेल्या कोविड लशीनंतर अगदी क्वचित काही माणसांत कमी प्लेटलेट आणि मेंदूतल्या शिरांत गुठळ्या असे चित्र दिसले. जर्मनीतले आंद्रेआस ग्राइनाखर यांचा गट, तसेच ऑस्लो आणि लंडन इथले गट यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये ते प्रसिद्ध केले. या पेशंटना हेपारिन मिळालेले नव्हते, तरी त्यांच्या रक्तात पीएफ-फोरविरुद्ध अँटिबॉडी होत्या आणि त्या प्लेटलेटवरच्या त्याच एफसी रिसेप्टरमार्फत काम करत होत्या. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड नावाने बनवली आणि कोट्यवधी भारतीयांनी घेतली. २०२४ मध्ये या आजाराचा उल्लेख असलेल्या ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांची बातमी आली तेव्हा अनेकांच्या मनात पुन्हा भीती दाटली. यंत्रणा ठाऊक असेल तर त्या भीतीला उत्तर देता येते. हा आजार लशीनंतर साधारण पाच ते तीस दिवसांत दिसतो. वर्षांनंतर अवचित उद्भवत नाही. उपचारात आयजीजीचा मोठा डोस उपयोगी पडला, तोही याच कारणाने. आयटीपीत जो डोस भक्षक पेशींचे रिसेप्टर गुंतवतो, तोच इथे प्लेटलेटचे रिसेप्टर गुंतवतो.

आणखी एक प्रकरण मी आग्रहाने घातले आहे, ते उंदरांचे. उंदराच्या प्लेटलेटवर हा एफसी रिसेप्टर नसतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ल्युपससारख्या आजारांवर सीडी-४० लिगँड या प्रथिनाला अडवणाऱ्या अँटिबॉडींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आणि काही पेशंटना गुठळ्या झाल्याने थांबवाव्या लागल्या. उंदरांत हा धोका दिसलाच नव्हता. पुढे मानवी एफसी रिसेप्टर असलेले उंदीर तयार केल्यावर तो दिसला. आता त्याच लक्ष्याविरुद्धच्या नव्या औषधांत दांडा काढलेला किंवा निष्प्रभ केलेला असतो. एका रिसेप्टरच्या असण्या-नसण्याने एक संपूर्ण औषधवर्ग काही काळ मागे पडला, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

मग असा धोकादायक रिसेप्टर आपल्याला आहे तरी कशासाठी? जिवाणूंच्या अंगावर आयजीजी बसली की प्लेटलेट याच रिसेप्टरने त्यांना ओळखतात, चेततात, आणि कणिकांतले जंतुनाशक पदार्थ बाहेर टाकतात. रक्त थांबवणे आणि रोगजंतूंशी लढणे ही प्लेटलेटची दोन कामे वेगळी नाहीत. दोन्हींसाठी तिला पृष्ठभागावर काय लागले ते ओळखावे लागते. टू-बी थ्री-ए ने फायब्रिनोजेन धरल्यावर आतला संदेश बळकट करण्यातही हा रिसेप्टर हातभार लावतो.

पुस्तकाचा शेवटचा छोटा भाग पुन्हा रिपोर्टवरच्या आकड्याकडे येतो. काउंटसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, त्यात ईडीटीए असते. काही माणसांत अशा अँटिबॉडी असतात ज्या शरीरात काहीच करत नाहीत. नळीत ईडीटीए कॅल्शियम हिरावून घेते, टू-बी थ्री-ए चा आकार बदलतो, तेव्हाच त्या त्याला चिकटतात आणि प्लेटलेटचे पुंजके होतात. यंत्र पुंजका मोजत नाही आणि रिपोर्टमध्ये आकडा भलताच कमी येतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा तपासले, की सत्य कळते. ज्याला काही झालेले नाही त्याला औषधे किंवा प्लेटलेट देण्याचा प्रसंग अशा दोन मिनिटांच्या तपासणीने टळतो.

हे पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी, प्रयोगशाळा तंत्रज्ञांसाठी, परिचारिकांसाठी आणि शास्त्र समजून घेण्याची हौस असलेल्या वाचकांसाठी आहे. रसायनाची भीती वाटत असेल त्यांनी तिन्ही भागांतली इतिहासाची प्रकरणे आधी वाचावीत आणि मग संदेशवहनाच्या प्रकरणाकडे यावे. प्रथिनांची नावे रुग्णालयात जशी बोलली जातात तशीच ठेवली आहेत, म्हणजे वॉर्डात ऐकलेले आणि इथे वाचलेले एकमेकांशी जुळेल.

तालुक्याच्या ठिकाणी, रात्रपाळीला, तक्त्यावर पेशंटचे आकडे लिहिणारी व्यक्ती बहुधा परिचारिका असते आणि नळीतला पुंजका पहिल्यांदा दिसतो तो तंत्रज्ञाला. हेपारिन सुरू होऊन पाचवा-सहावा दिवस आहे, आकडा निम्मा झाला आहे आणि पाय सुजला आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहून डॉक्टरांना ‘हे हेपारिनमुळे तर नसेल?’ असे विचारण्याचा अधिकार त्या दोघांनाही आहे. तो प्रश्न वेळेवर विचारला गेला तर पाय वाचतो, कधी जीव वाचतो. तो विचारायला लागणारे ज्ञान त्यांना त्यांच्या भाषेत, पूर्णपणे आणि काहीही न वगळता मिळावे, म्हणून हे पुस्तक मराठीत लिहिले.